समोरासमोरची घडी

आत्याबाईंना बरोबर घेऊन कामाला जायचं म्हणजे पदरात निखारा बांधून गवताच्या गंजीत शिरायचं. सुनेला हे आता पाठ झालं होतं. एका इमारतीत जिने झाडायला दोघींना ठेवलं, तर वरच्या मजल्यावरच्या बाईच्या दोरीवरचा पांढरा सदरा आत्याबाईंनी हातात घेतला, उलटापालटा केला, कॉलरशी नाक नेलं आणि पुन्हा दोरीवर टाकला. तोंडातून शब्द काढला नाही. इथली भाषा त्यांना येत होती कुठं? पण नाक मुरडायला भाषा लागत नाही. संध्याकाळी निरोप आला, उद्यापासून येऊ नका.

"मी काय केलं?" आत्याबाई म्हणाल्या.

"काही नाही. सदरा बघितलात."

"मळका होता."

"त्यांचा होता ना, आत्याबाई. मळका असो की फाटका असो, आपल्याला काय त्याचं?"

"मळक्याला मळकं म्हणायची सोय नाही, अशा ठिकाणी माणसानं राहायचं तरी कसं?"

सासूचं बोलणं कधी कधी असं वाटेतल्या काट्यासारखं असायचं, वाकून काढावं तर आणखी आत जायचं. राहायचं कसं, याच प्रश्नापायी तर सुनेच्या चपला झिजल्या होत्या.

दोघी नदीकाठच्या गावातल्या. पिढ्यान् पिढ्यांचं धुण्याचं घर. गावाचे कपडे त्यांच्या दगडावर उजळायचे आणि गावाच्या भानगडीही तिथंच उघड्या पडायच्या. कुणाच्या बाहीला कसला डाग, हे त्या घरच्या बाईच्या आधी आत्याबाईंना ठाऊक. मग लढाई आली. आधी नदीपलीकडे आली, मग पुलावर आली, मग दारात आली. ट्रक भरले. बायका पुढच्या ट्रकमध्ये चढल्या, पुरुष मागच्या. आत्याबाईंचा लेक मागच्या ट्रकमध्ये. पुढचा ट्रक पोचला. मागचा कुठं गेला, ते रस्त्याला माहीत, धुळीला माहीत. माणसांना कुणी काही सांगितलं नाही.

हरवलेल्यांचा शोध घेणाऱ्या कचेरीत दोघींनी त्याचं नाव दिलं. तिथला माणूस म्हणाला होता, "काही कळलं तर तुमच्या खोलीवर येऊन सांगू. तो सापडला तर त्यालाही हाच पत्ता देऊ. फक्त पत्ता बदलू नका." आता पत्ता न बदलणं काय आपल्या हातात असतं? खोली सरकारी होती. काम मिळालं तर खोली राहणार होती. नाही मिळालं तर थंडी सरायच्या आत दोघींना लांबच्या छावणीत धाडणार होते. तिथले तंबू आज या माळावर तर उद्या त्या माळावर. तिथं कोण कुणाला शोधणार?

आणि काम म्हणाल तर दारोदार एकच पालुपद: राहायची परवानगी दाखवा, मग काम देतो. परवानगीच्या खिडकीवर दुसरं पालुपद: काम दाखवा, मग परवानगी देतो. लग्न झाल्याशिवाय वेड जाईना आणि वेड गेल्याशिवाय लग्न होईना.

खिडकीतला कारकून तसा वाईट नव्हता. सुनेचं तोंड बघून बघून तोही कंटाळला होता. एकदा त्यानं आवाज खाली आणून विचारलं, "मी काय म्हणतो, नवऱ्याच्या नावापुढे 'वारला' असं लिहून टाकू का? एकट्या पडलेल्या बायकांची प्रकरणं भराभर सुटतात. काम लागत नाही, काही लागत नाही."

"नवरा आहे मला."

"कुठं आहे?"

"ते तुमच्या शेजारच्या कचेरीला विचारा. तीच शोधतेय."

कारकुनानं सुस्कारा सोडला. मागे उभ्या असलेल्या आत्याबाईंनी तिचा दंड हलवला. "काय म्हणाला गं तो?"

"म्हणाला, पुढच्या आठवड्यात या."

"दर वेळी हेच म्हणतो. तोंड दुखत नाही त्याचं?"

असं चाललेलं असताना इस्पितळाच्या धुलाईत जागा निघाल्याचं कळलं; तिथं म्हणे आधी परवानगी मागत नव्हते. सून धावतच गेली. तिथली मुकादमबाई उंच, सडपातळ, बोलताना समोरच्याच्या चेहऱ्याऐवजी हाताकडे बघणारी. सुनेचे हात तिनं उलटसुलट बघितले. तळव्यांवरचे घट्टे बघितले.

"धुण्याचं काम केलंय?"

"जन्मभर. आणि माझ्या सासूबाईंनी त्याच्याही आधीपासून."

"सासू आहे?" मुकादमबाईंनी पहिल्यांदा मान वर केली. "मग बरंच झालं. मला जोडीच हवीय. घडीच्या टेबलावरची जोडी सोडून गेली. एका घरच्या दोघी, हाताला हाताची सवय असेल. आठवडाभर बघते. जमलं तर कामाचा दाखला देते, दोघींचा. नाही जमलं तर दोघीही नाही. टेबल एकीनं चालत नाही."

सून घरी आली ती तरंगतच. धुलाई म्हणजे पाणी, पाणी म्हणजे आपलंच माहेर. आत्याबाईंनाही त्या रात्री जेवण गोड लागलं. "बघितलंस? शेवटी पाण्यानंच हात दिला," त्या म्हणाल्या.

पण तिथं पाण्याला हात लावायचाच नव्हता. पाणी यंत्रांच्या पोटात. लांबच लांब दालन, छताला पाइपांची वेटोळी, एका भिंतीला गोल काचेच्या डोळ्यांची मोठमोठी यंत्रं चादरी गरागरा फिरवतायत. मधोमध तापलेले रोलर. त्यातून चादर निघायची ती वाळलेली, इस्त्री झालेली, भाकरीच्या तव्यासारखी गरम. ती ट्रॉलीत पडायची, ट्रॉली टेबलाशी यायची आणि टेबलाशी दोन बायका घडी घालायच्या. एवढंच काम. दिवसभर एवढंच.

"पिळत नाहीत?" आत्याबाईंनी विचारलं.

"यंत्र पिळतं."

"यंत्राला काय कळतं, कुठला डाग रक्ताचा आणि कुठला औषधाचा?"

"आत्याबाई, आज काही बोलू नका. नाकानंही."

शेजारच्या टेबलावर दोघी जणी होत्या. एक वयस्क, पुढच्या दातात फट असलेली; काम करताना त्या फटीतून शीळ घालायची, म्हणून सगळ्या तिला शिट्टीच म्हणायच्या. तिची जोडीदारीण ठेंगणी, सदा कपाळाला आठी. मुकादमबाईंनी त्या दोघींना घडी करून दाखवायला सांगितलं. शिट्टीनं दोन कोपरे धरले, ठेंगणीनं समोरचे दोन. चादर ताणली, एक झटका दिला आणि दोघी एकमेकींकडे चालत आल्या. कोपऱ्याला कोपरा भिडला. एकीनं दुसरीच्या हातात दिला, खालची दुमड उचलली, मागे सरकल्या, पुन्हा समोरासमोर आल्या. चादरीची घडी झाली आणि शीळ मध्ये तुटलीसुद्धा नाही.

"समजलं?" मुकादमबाई म्हणाल्या.

"समजलं," सून म्हणाली.

दोघींनी पहिली चादर धरली. ताणली. झटका दिला. सून चालत निघाली. अर्ध्या वाटेवर तिच्या लक्षात आलं की समोरून कोणी येत नाहीये. आत्याबाई दोन कोपरे मुठीत धरून खांबासारख्या उभ्या होत्या.

"या ना," सून म्हणाली.

आत्याबाई हलल्या नाहीत. त्यांची नजर चादरीवरही नव्हती, सुनेच्या तोंडावर होती. "कसली घडी घालायला लावतेस गं मला?" त्या हळूच म्हणाल्या.

तेव्हा सुनेच्या डोक्यात लख्ख उजेड पडला आणि तिला स्वतःच्याच थोबाडीत मारून घ्यावीशी वाटली.

त्यांच्या घाटावर कपड्याची घडी एकटीनं घालायची. खांद्यावर टाकून, हनुवटीखाली धरून, दगडावर दाबून. मोठ्यातलं मोठं जाजम असलं तरी एकटीनं. दोघींनी समोरासमोर धरून घडी घालायची ती एकदाच, घरातला पुरुष गेला की. त्याचं पांघरूण धुवून, वाळवून त्याची आई एका टोकाला उभी राहायची आणि त्याची बायको दुसऱ्या टोकाला. दोघी चालत यायच्या. कोपऱ्याला कोपरा लावायच्या. आई ते पांघरूण सुनेच्या हातात ठेवायची आणि मागे फिरायची. त्यानंतर त्या घरात त्याची वाट बघायची नाही. जेवायला हाक मारायची नाही. दाराची कडी आतून लावायची.

आई आणि बायको. साऱ्या दुनियेतल्या बायका सोडून मुकादमबाईंनी नेमक्या ह्याच दोघींना चादरीच्या दोन टोकांना उभं केलं होतं.

"आत्याबाई, ही इस्पितळाची चादर आहे."

"कळतंय मला."

"इथं सगळ्या अशाच घालतात."

"घालू देत. त्यांची पोरं घरी आहेत."

मुकादमबाई लांबून बघत होत्या. सून चटकन पुढे गेली, सासूच्या हातातल्या कोपऱ्यांना आपले कोपरे भिडवले, खालची दुमड उचलली, मागे धावली, पुन्हा पुढे आली. आत्याबाईंनी यावर विचार केला. "हे चालेल," त्या म्हणाल्या. "दोघी चाललो तर ती घडी. एकटी तू चाललीस तर ते नुसतं काम."

म्हणजे आता रीतीचा कायदा निघाला आणि कायद्याची पायपीट सुनेच्या वाट्याला आली. सगळा दिवस ती पुढे-मागे, पुढे-मागे. विणकराच्या धोट्यासारखी. आत्याबाई देवळातल्या मूर्तीसारख्या जागच्या जागी. ट्रॉली भरत चालली, दुसरी ट्रॉली येऊन तिच्या पाठीला लागली. पलीकडच्या टेबलांवर खुसखूस सुरू झाली.

"राणीसाहेब उभ्या आणि दासी पळतेय," ठेंगणी म्हणाली.

"यांच्याकडं सासवांचं राज्य असेल," आणखी कुणीतरी म्हणालं.

शिट्टीनं शीळ थोडी मोठी केली, एवढंच.

"काय म्हणतायत गं?" आत्याबाईंनी विचारलं.

"तुमच्या तब्येतीची चौकशी करतायत."

सुटी व्हायच्या वेळी मुकादमबाई आल्या. तुंबलेल्या ट्रॉल्यांकडे बघितलं, घामानं भिजलेल्या सुनेकडे बघितलं, कोरड्या ठणठणीत आत्याबाईंकडे बघितलं. "हे बघ," त्या सुनेला म्हणाल्या, "तुमच्या घरात कोण कुणाला राबवतं ते घरी. इथं दोघींनी सारखं चालायचं. उद्या त्या चालल्या नाहीत, तर परवा तुम्ही कुणीच येऊ नका."

काय सांगणार? कुठून सुरू करणार? सुनेला इथली भाषा बाजारापुरती आणि खिडकीपुरती येत होती. त्या भाषेत तिला पत्ता सांगता येत होता, वेळ विचारता येत होती. पांघरुणाची गोष्ट सांगता येत नव्हती.

"सांगते मी त्यांना," ती म्हणाली.

घरी आल्यावर ती खाटेच्या कडेला बसली. पायांची सुजून मडकी झाली होती. आत्याबाईंनी पाणी तापवलं, घमेल्यात ओतलं, तिच्या पायाशी ठेवलं. तेवढ्यानं तर सुनेचा बांध फुटायच्या ऐवजी तिचं डोकंच तापलं.

"पाय काय शेकताय माझे? उद्या चाला, म्हणजे शेकायची पाळी येणार नाही."

"मी चालणार नाही."

"मग खोली जाईल. खोली गेली तर तो आला तरी कुठं येणार? कुणाच्या दारात उभा राहणार? चाललं तर तो मेला म्हणता, आणि नाही चाललं तर तो जिवंत असून आपल्याला मेला. सांगा ना, यातलं कुठलं पसंत आहे तुम्हाला?"

"तुला बरी वकिली येते."

"तुम्हाला रीत येते, मला वकिली येते. कुणाला तरी काहीतरी यायला हवं की नको? मला सकाळी त्या खिडकीवाल्याचं ऐकायचं, दुपारी मुकादमबाईचं ऐकायचं, संध्याकाळी तुमचं. माझं कोण ऐकतं? आणि तो काय एकट्या तुमचाच आहे? माझा कुणी लागतो की नाही?"

घमेल्यातलं पाणी निवत गेलं. मग आत्याबाई भिंतीकडे तोंड करून, कुणी ऐकावं म्हणून नव्हे, घाटावर म्हणायच्या तशी एक ओवी गुणगुणल्या.

"नदीबाई, नदीबाई, किती तुझं खोल पाणी,
त्याच्या वाटेला लागले डोळे माझे रानोरानी."

सुनेनंही सवयीनं पुढची ओळ धरली असती. दगडावर एकीनं ओढायची आणि दुसरीनं झेलायची, अशीच त्यांची सगळी वर्षं गेली होती. पण ती धुमसत बसली. ओवीनं खोली राहत नाही.

सकाळी आत्याबाई तिच्या आधी तयार होत्या. केस घट्ट बांधलेले, ओठ त्याहून घट्ट. रस्त्यात त्या एकदाच बोलल्या. "चालते मी आज. पत्ता राहिला पाहिजे."

"खरंच?"

"पुन्हा विचारू नकोस. फिरेल मन माझं."

सुनेला हलकं वाटलं. इतकं हलकं की वाटेतल्या ट्राम, दुकानांची उघडणारी दारं, फुटपाथ धुणारा माणूस, सगळंच तिला जरा मायेचं वाटलं. झालं एकदाचं. म्हातारीला अक्कल आली. रीत काय, माणसांनी केली आणि माणसांनीच मोडायची. चादर ती चादर.

टेबलाशी ट्रॉली आली. मुकादमबाई मुद्दाम जवळच उभ्या राहिल्या. दोघींनी कोपरे धरले. ताणली. झटका दिला. चादरीतून गरम वाफेचा वास उठला आणि आत्याबाई चालायला लागल्या.

त्या चालल्या त्या कशा? जड पाऊल उचलून, मान ताठ, डोळे सुनेच्या डोळ्यांत. गावात सुनेनं असं चालताना आणखी एका बाईला बघितलं होतं. शेजारच्या घरातल्या थोरल्या लेकाच्या वेळी, त्याची आई अशीच आली होती, असाच ताठ मानेनं कोपरा पुढं करत. तेव्हा सून गर्दीत उभी होती आणि समोरच्या टोकाला दुसरी एक पोर होती. आज त्या टोकाला ती होती.

एक पाऊल. दुसरं पाऊल. आत्याबाई येतायत. त्या येऊन पोचणार, चादर हातात ठेवणार आणि मागे फिरणार.

सुनेचे पाय जमिनीला खिळले. तिनं स्वतःला दटावलं, अगं चादर आहे, इस्पितळाची आहे, परवा यात कुणीतरी परका ताप घेऊन झोपला होता. पाय ऐकेनात. काल दिवसभर मैलोगणती पळालेले तेच पाय.

"ये," आत्याबाई म्हणाल्या. आवाज दगडासारखा. "मी आलेय ना. ये आता."

"नाही," सून म्हणाली आणि तिच्या मुठी सुटल्या.

चादर जमिनीवर पडली. जमिनीवर पडलेली चादर म्हणजे पुन्हा धुवायची. ठेंगणीनं कपाळाला हात लावला. मुकादमबाईंनी डोळे मिटले, पुन्हा उघडले. "काल ती चालत नव्हती," त्या म्हणाल्या, "आज ही चालत नाही. तुम्ही दोघी मिळून माझी चेष्टा करताय का?"

मग सून बोलली. तिला आलं तसं बोलली. शब्द सापडला नाही तिथं हातानं दाखवलं. आई इकडे, बायको तिकडे. मधे पांघरूण. मग दार बंद. माझा माणूस मागच्या ट्रकमध्ये. मेला असं कोणी म्हणालं नाही. आला असंही कोणी म्हणालं नाही. आम्ही दोघी, हीच आई, मीच बायको. दुसऱ्या कुणाशीही आम्ही घडी घालू. एकमेकींशी नाही.

दालनात यंत्रांचा घरघराट तेवढा होता. आता सुनेला लाज वाटत होती, भर बाजारात गाठोडं सुटल्यासारखी.

मुकादमबाई तिच्या हातांकडे बघत राहिल्या. "दुसऱ्या कुणाशी," त्या शेवटी म्हणाल्या, "तेच तर अवघड आहे. जागा निघाली तेव्हाच मी सगळ्यांना विचारलं होतं. तुमच्याकडच्या बाईबरोबर उभं राहायला कुणी तयार नव्हतं. म्हणून तर तुम्हाला एकत्र ठेवलं."

हाताला हाताची सवय असेल म्हणे. सुनेनं ते आतल्या आत गिळलं.

"काय म्हणतेय?" आत्याबाईंनी विचारलं.

या वेळी सुनेनं खोटं सांगितलं नाही. "म्हणतात, आपल्याबरोबर कुणालाच काम करायचं नाही."

आत्याबाईंनी वाकून पडलेली चादर उचलली. एकटीनं. खांद्यावर टाकली, हनुवटीखाली धरली, टेबलाच्या कडेवर दाबली आणि घडी घालून मळक्या कपड्यांच्या टोपलीत नीट ठेवली. मळकी चादरही त्या कधी चुरगाळून टाकत नसत. मग हात पुसले आणि म्हणाल्या, "चल घरी."

"थांबा," कुणीतरी म्हणालं.

शिट्टी होती. तिची शीळ थांबली होती आणि त्यामुळे तिचा चेहरा अनोळखी वाटत होता. तो चेहरा प्रेमळ वगैरे मुळीच नव्हता, चांगलाच वैतागलेला होता. "कालपासून माझ्या ट्रॉलीला वाट नाही," ती मुकादमबाईंना म्हणाली. "यांच्या ट्रॉल्या आडव्या. मी काय उडत जाऊ? द्या ती म्हातारी इकडं."

"तूच तर पहिल्यांदा नको म्हणालीस," मुकादमबाई म्हणाल्या.

"म्हणाले. आता हवी म्हणतेय. निदान ती बडबडत तरी नाही." तिनं ठेंगणीकडे मान वळवली. "तू जा त्या टेबलाला."

"मी का? मी काही केलंय का?" ठेंगणी म्हणाली.

"दिवसभर तुझं तोंड चालतं माझ्यासमोर. माझ्याही कानांना सुटी हवी. तुझ्या नणंदेचं सगळं पुराण त्या पोरीला सांग, तिला निम्मं कळणारच नाही. बरंच आहे तिच्या दृष्टीनं."

कुणीतरी हसलं. ठेंगणी फणकाऱ्यानं सुनेच्या टेबलाशी आली आणि चादरीचे कोपरे असे हिसकले, जणू सुनेनं ते तिच्या घरातून चोरून आणले होते. दोघी चालल्या. कोपऱ्याला कोपरा भिडला. ठेंगणीच्या अंगाला साबणाचा वास होता आणि तिचे हात सुनेच्या हातांपेक्षा गार होते. त्या चादरीत कुणीही मेलं नाही.

पलीकडे शिट्टीनं आत्याबाईंसमोर चादर ताणली. आत्याबाई हलल्या नाहीत. मग सुनेला दिसलं, आत्याबाई शिट्टीकडे डोळे बारीक करून बघतायत, हनुवटीनं खुणावतायत. कोपरा. कोपरा नीट धर. शिट्टीनं आपल्या हाताकडे बघितलं. किनार मुठीत गोळा झाली होती. तिनं तोंडातल्या तोंडात काहीतरी पुटपुटत ती सरळ केली. तेव्हा कुठं आत्याबाई निघाल्या.

"ही मला शिकवणार?" शिट्टी सगळ्या दालनाला ऐकू जाईल असं म्हणाली. "मी या टेबलावर म्हातारी झाले."

"काय म्हणते?" आत्याबाईंनी लांबूनच विचारलं.

"म्हणते, तिचंही वय झालंय."

"मग तर किनार सरळ धरायला यायला हवी होती."

आठवडा असाच गेला. कुणी कुणाच्या गळ्यात पडलं नाही. जेवणाच्या सुटीत दोघी खिडकीजवळच्या बाकावर बसायच्या आणि बाकीच्या मोठ्या टेबलाला. ठेंगणी नणंदेबद्दल बोलत राहायची. सुनेला निम्मंच कळायचं आणि तेवढ्यावरूनही नणंद फारशी वाईट वाटत नव्हती. एकदा ठेंगणीनं मध्येच विचारलं, "तुझा नवरा दिसायला कसा?" सुनेनं शब्द शोधला. उंच म्हणाली. मग म्हणाली, घोरतो. ठेंगणी म्हणाली, मग सापडेल, लांबून ऐकू येईल. हे चांगलं बोलणं की वाईट, ते सुनेला ठरवता येईना. चादरी आपल्या येत राहिल्या.

आत्याबाई आणि शिट्टीचं भांडण तर रोज सकाळी यंत्रांबरोबर सुरू व्हायचं. एकीला दुसरीची भाषा येत नव्हती, त्यामुळे ते कधी मिटायचंच नाही. शिट्टीचं म्हणणं, म्हातारी फार जोरात झटका देते, खांदे निखळतात. आत्याबाईंचं म्हणणं, झटका दिल्याशिवाय चादर जागी होत नाही. शिट्टी शीळ घालायला लागली की आत्याबाई ओठ आवळायच्या. आत्याबाई ओवी गुणगुणायला लागल्या की शिट्टी वर छताकडे बघायची. त्यांच्या टेबलाची ट्रॉली मात्र तुंबत नव्हती, म्हणून मुकादमबाई तिकडे बघत नसत.

आठवडा संपला तेव्हा त्यांनी दोघींना बोलावलं. सुनेच्या हाताकडे बघितलं, मग आत्याबाईंच्या. "सोमवारपासून कायम या. दाखला कचेरीत पाठवते. पण जोडी आहे तशीच राहील. पुन्हा मला बदलायला सांगू नका."

"नाही सांगणार," सून म्हणाली. तिला वाटत होतं आनंद होईल. आनंद झालाही, पण थकून आलेल्या पाहुण्यासारखा. दारात आला आणि आधी बसायलाच जागा शोधू लागला. खोली राहणार होती. पत्ता राहणार होता. आणि इतक्या साध्या गोष्टीसाठी आयुष्यभराचे पाय झिजवावे लागले, याचा रागही तिथंच होता, त्याच दारात.

बाहेर रस्त्यावर माणसं कामावरून सुटून घराकडे चालली होती. दोघी त्यांच्यात मिसळल्या. आत्याबाईंनी वाटेत एकदा थांबून खांदा चोळला.

"कायम म्हणाली ना ती?" त्यांनी विचारलं.

"कायम."

"म्हणजे आता रोज."

"रोज."

"त्या शीळवालीसमोर."

"तिच्याच समोर, आत्याबाई. दुसरं कुणी तुम्हाला घेत नव्हतं."

"मला कुणी घेत नव्हतं? मला?" आत्याबाई चालता चालता तणतणल्या. "किनार धरता येत नाही. दातातून वारा सुटतो. बोलते तर अशी, जणू मी तिची सवत." थोडं पुढं गेल्यावर त्यांचा आवाज खाली आला, पण रुसवा तसाच राहिला. "येऊ दे त्याला. दारात पाय ठेवायच्या आधी सांगणार आहे, बाबा, तुझ्यापायी मला कुणाकुणाचं तोंड बघावं लागलं."

"सांगा," सून म्हणाली. "पण आधी मी बोलणार. माझं जास्त साचलंय."

"आधी मी. मी आई आहे."

"चादर मी सोडली होती, आत्याबाई. आधी मीच बोलणार."

आणि कोण आधी बोलणार, यावर वाद घालत दोघी वळणावरून खोलीच्या रस्त्याला लागल्या.